पाटीपेक्षा मासा पाहा

पिंपरी-चिंचवड असो की चाकण, दुकानातून ‘रॅम’ किंवा ‘अपिस्टो’ म्हणून आणलेला इवलासा सिक्लिड मासा घरी आल्यावर भलताच निघू शकतो. पिल्लं फिकट, करडी असतात आणि एका जातीच्या टाकीवर दुसरीची पाटी सहज लागते.

मग ओळखायचं कसं? आधी मासा टाकीत स्थिरावू द्या. रंग खुलले की शेपटी आणि पाठीचा पर नीट पाहा. निळा रॅम ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. त्याच्या अंगभर निळे ठिपके चमकतात. बोलिव्हियन रॅमच्या अंगावर ते नसतात. त्याच्या शेपटीच्या कडा लालसर आणि वरखालची टोकं लांब असतात. कॅकाटुऑइडिस अपिस्टोच्या नराच्या पाठीवर पुढचे काटे तुऱ्यासारखे उभे दिसतात. अगासिझी अपिस्टोच्या नराची शेपटी निमुळती होत जाते आणि अंगावरचा काळा पट्टा थेट तिच्यात उतरतो.

ही ओळख महत्त्वाची, कारण प्रत्येकाची गरज वेगळी. निळ्या रॅमला २७ ते ३० अंश तापमानाचं मऊ पाणी मानवतं. बोलिव्हियन रॅम २४-२५ अंशांतही सुखाने राहतो. बोअरवेलचं पाणी वापरत असाल, तर त्याचा जडपणा आधी तपासा.

आणि जात चुकली म्हणून मासा पवना किंवा इंद्रायणी नदीत सोडू नका. १९५२ मध्ये भारतात आणलेली आफ्रिकेतली चिलापी हीसुद्धा सिक्लिडच; आज ती आपल्या नद्यांत सर्रास सापडते. नको असलेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या मत्स्यप्रेमीला द्या.