ओकायामातील चार वर्षे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस जपानविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा फुजीचा पर्वत, चेरीचा बहर आणि घड्याळाच्या काट्यावर सुटणार्‍या आगगाड्या असाव्यात. या गोष्टी खर्‍या आहेत. परंतु त्या आठ दिवसांच्या सहलीत पाहून होतात आणि आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे ती सहल करूनही आली आहेत. आम्ही उभयतां व आमची कन्या असे तिघे एप्रिल २०१५ ते मार्च २०१९ अशी चार वर्षे ओकायामा शहरी राहिलो. आम्ही दोघे तेथील शाळांतून इंग्रजी शिकवीत होतो आणि कन्या तेथल्या मुलांबरोबर शिकत होती. तेव्हा प्रवाशाला जे दिसत नाही, तेवढेच आज सांगण्याचा विचार आहे.

ओकायामा हे नाव पुणेकरांना तरी नवीन नाही. सिंहगड रस्त्यावरील ज्या उद्यानाला आज पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे, ते ओकायामाच्या कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर आखलेले आहे. रविवारी तेथे छायाचित्रे काढणारी मंडळी पाहिली की मूळ बागेची आठवण होते. मूळ बाग अर्थातच पुष्कळ मोठी आहे आणि तिच्याविषयी पुढे सांगावयाचेच आहे. शहर ओसाकाच्या पश्चिमेस, अंतर्गत समुद्राच्या काठी वसलेले आहे. हवा कोरडी, पाऊस बेताचा आणि फळफळावळ उत्तम. समुद्रात सावारा नावाचा मासा मिळतो, तो आपल्या सुरमईचा भाऊबंद. आपल्या ज्ञातीला मासळीचे वावडे नाही, म्हणून जेवणाचे हाल झाले नाहीत. शाकाहारी मंडळींची मात्र तेथे कठीण परीक्षा असते, कारण साध्या भाजीच्या रश्श्यालाही सुकविलेल्या माशाचा अर्क लागतो.

पहिला प्रश्न घराचा. तो सुटावयास सात आठवडे लागले. जपानी माणूस सहसा नाही म्हणत नाही. दातांतून हळूच श्वास ओढून घेतो, मान किंचित कलती करतो आणि "थोडे कठीण आहे" म्हणतो. पहिल्या दोन वेळा आम्हांस वाटले की थोडेच कठीण आहे, तर प्रयत्न करू. पुढे उमगले की तो पूर्णविराम असतो. एका घरदलालाने तर आमच्यासमोरच मालकाला दूरध्वनी लावला, आम्ही शिक्षक आहोत, पगार नियमित आहे, मुलगी शांत आहे असे सारे सांगितले आणि अखेरीस "गाइजिन" हा शब्द उच्चारून अर्ध्या मिनिटात फोन खाली ठेवला. गाइजिन म्हणजे बाहेरचा माणूस. जपान सरकारच्या न्याय खात्याने २०१६ साली परदेशी रहिवाशांची पाहणी केली. तीत घर शोधणार्‍या शंभरांपैकी सुमारे ३९ जणांनी, परकीय म्हणून आपणांस नकार मिळाल्याचे सांगितले. म्हणजे अनुभव आमच्या एकट्याचा नव्हता. आमच्यापैकी पुष्कळांनी मुंबईत भाडेकरू ठेवताना नाव आणि आडनाव विचारून मगच किल्ली दिलेली आहे, हेही त्या सात आठवड्यांत राहून राहून आठवत होते.

अखेर एका वृद्ध बाईंनी आपल्या घराचा वरचा मजला दिला. कचरा कोणत्या वारी कोणता टाकावयाचा याचा तक्ता त्यांनी स्वतः भिंतीवर चिकटविला आणि पहिले दोन महिने आमच्या पिशव्या तपासल्या. त्यानंतर तपासणे थांबले आणि दारात मुळे, वांगी येऊ लागली.

शाळेत मात्र आदराला तोटा नव्हता. शिक्षक वर्गात शिरताच एक विद्यार्थी आज्ञा देतो, सारा वर्ग उठतो, वाकून नमस्कार करतो आणि मगच धडा सुरू होतो. "सेन्सेइ" या संबोधनात आपल्या गुरुजींचे वजन आहे. परंतु हा आदर आणि शांतता इंग्रजी शिकविणार्‍याच्या मुळावर येते. प्रश्न विचारला की सारा वर्ग चिडीचूप. उत्तर ठाऊक असलेला मुलगा आधी डावीकडच्याला विचारतो, मग उजवीकडच्याला, आणि तिघांचे एकमत झाले तरच तोंड उघडतो. चुकण्याची भीती म्हणावी, तर ती पुरती भीती नव्हे. आपण चारचौघांच्या पुढे सरसावलो असे दिसू नये, ही ती काळजी. सौ.ने यावर तोड काढली. ती एकट्याला प्रश्न विचारीनाशी झाली. चौघांच्या गटाला विचारू लागली आणि उत्तर कोणी दिले याची चौकशी करीना. त्या दिवसापासून वर्ग बोलू लागला.

जेवणानंतरचा प्रकार आपल्याकडील पालकांनी अवश्य ऐकावा. शाळेत झाडूवाला नाही. रोज पंधरा-वीस मिनिटे मुलेच डोक्याला फडके बांधून वर्ग झाडतात, लांबलचक ओसर्‍या ओल्या फडक्याने पुसतात आणि पाळीपाळीने संडासही धुतात. शिक्षक त्यांच्याबरोबर असतात. कन्येची संडास धुण्याची पाळी आल्याचे तिने आजीला दूरध्वनीवर मोठ्या उत्साहाने सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आजीने विचारले, "अगं, तिथे ते काम करणारी माणसं नाहीत का?" कन्येला प्रश्नच कळेना. "आम्ही आहोत ना," ती म्हणाली.

आता थोडे पाहण्याच्या ठिकाणांविषयी. ओकायामावर शतकानुशतके इकेदा घराण्याचे राज्य होते. इकेदा मित्सुमासा याने १६७० साली, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या आधी चार वर्षे, डोंगरांच्या कुशीत शिझुतानी येथे सामान्य प्रजेच्या मुलांसाठी शाळा काढली. तिचे व्याख्यानगृह अजून उभे आहे. बिझेनच्या भाजक्या तांबूस कौलांचे छप्पर, आणि आत इतकी गुळगुळीत लाकडी जमीन की खिडक्यांचा उजेड तीत पाण्यासारखा पसरतो. शेजारी दोन मोठे वृक्ष आहेत. शरदात एक तांबडा होतो आणि दुसरा पिवळा. शिक्षकाने जपानात एकच ठिकाण पाहावयाचे ठरविले, तर क्योतोच्या सोनेरी मंदिराआधी आम्ही हे सांगू.

याच मित्सुमासाविषयी एक मौजेची दंतकथा आहे. काटकसरीसाठी त्याने हुकूम काढला की प्रजेने जेवणात एक रस्सा आणि एकच पदार्थ घ्यावा. नागरिकांनी हुकूम शिरसावंद्य मानला आणि सारी मासळी व भाज्या भातातच कालवून टाकल्या. तोच ओकायामाचा प्रसिद्ध बाराझुशी. घरमालकीण बाई सणाला तो करीत आणि दरवेळी ही कथा नव्याने सांगत. मित्सुमासाचा मुलगा त्सुनामासा याने १६८७ पासून १७०० पर्यंत कोराकुएन बाग उभारली. आसाही नदीच्या एका तीरावर काळ्या लाकडी रंगाचा किल्ला, दुसर्‍या तीरावर बाग. किल्ल्याचा मूळ बुरूज १९४५ च्या बाँबवर्षावात जळाला. आज दिसतो तो १९६६ साली पुन्हा बांधलेला. बागेला कोराकुएन हे नाव १८७१ साली मिळाले. राजाने चिंता सर्वांच्या आधी करावी आणि सुख सर्वांच्या नंतर भोगावे, असा त्या नावामागे जुना चिनी विचार आहे. आम्ही तेथे किती वेळा गेलो याची गणती नाही.

दुसर्‍या वर्षी समाजशास्त्राच्या एका शिक्षकांनी आम्हांस आपल्या वर्गात बोलाविले. त्या दिवशीचा धडा शिबुझोमेच्या उठावाचा होता. आम्ही हे नाव तोपर्यंत ऐकलेले नव्हते. हकीकत अशी. १८५५ च्या अखेरीस याच इकेदा राज्याने पुन्हा एक काटकसरीचा हुकूम काढला. त्यात एकोणतीस कलमे होती आणि शेवटची पाच तेवढी एका वर्गासाठी होती. मेलेली जनावरे उचलणे, कातडी कमावणे ही कामे ज्यांच्याकडे पिढीजात होती, असा हा वर्ग. त्यांनी नक्षीचे वस्त्र वापरू नये, कच्च्या टेंभुर्णीसारख्या काकी फळाच्या रसात किंवा निळीत रंगविलेले साधे वस्त्रच ल्यावे, आणि पावसात लाकडी खडावा घातल्या असता ओळखीचा शेतकरी वाटेत भेटला तर त्या काढून त्यास वाकावे.

श्रोतेहो, हे शेवटचे कलम त्या शिक्षकांनी आम्हांस सावकाश इंग्रजीत समजावून दिले. समजावण्याची आवश्यकता नव्हती.

त्रेपन्न वस्त्यांच्या लोकांनी एकत्र येऊन अर्ज केला की आम्हीही शेती करतो, इतरांप्रमाणेच सारा भरतो, मग हा भेद कशासाठी? अर्ज फेटाळला गेला. १८५६ च्या उन्हाळ्यात दीड हजारांहून अधिक माणसे एका वरिष्ठ सरदाराकडे दाद मागण्यास चालत निघाली. हुकूम पुढे अमलात आलाच नाही. परंतु बारा पुढार्‍यांना तुरुंगात टाकण्यात आले आणि त्यांपैकी सहा तेथेच मरण पावले. भातात मासळी लपविणार्‍यांची कथा सार्‍या शहरास पाठ आहे. ही दुसरी कथा घरमालकीण बाईंनी आम्हांस कधी सांगितली नाही.

पंधरा वर्षांनी, ज्या १८७१ साली बागेला ते उदात्त नाव मिळाले, त्याच साली जपान सरकारने जाहीरनामा काढून या वर्गाचे निराळेपण कायद्याने रद्द केले. पण माणसे कायद्याने थांबली नाहीत. १९०६ साली शिमाझाकी तोसोन यांची 'हाकाइ' ही कादंबरी निघाली. तिचा नायक अशाच घरातला एक शाळामास्तर आहे आणि बापाच्या आज्ञेवरून तो आपला जन्म लपवून शिकवीत असतो. लग्न जमविताना समोरच्या घराण्याची कुटुंबनोंद काढून पाहण्याची चाल होती. ती नोंद १९७६ पर्यंत कोणासही पाहता येत असे. १९७५ साली उघडकीस आले की अशा वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून मोठ्या कंपन्यांना विकल्या जात आहेत. आम्ही तेथे असतानाच, डिसेंबर २०१६ मध्ये, हा भेद नाहीसा करण्यासाठी आणखी एक कायदा संमत झाला. दीडशे वर्षांनंतरही कायदा करावा लागतो, एवढेच त्यावरून समजावे.

धडा संपल्यावर शिक्षकांनी मुलांना सांगितले की भारतातील जातीविषयी पाहुण्यांना विचारा. एरवी न बोलणारा वर्ग त्या दिवशी बोलला.

"जात डोळ्यांना दिसते का?"

"नाही."

"मग कळते कशी?"

"बहुतेक आडनावावरून," सौ. म्हणाली. मुलांना हसू आले. जपानात सामान्य लोकांना आडनाव लावणे सक्तीचे झाले ते १८७५ साली. सातो आणि सुझुकी तर गल्लोगल्ली. आडनावावरून तेथे काही कळत नाही, कळते ते पत्त्यावरून. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "मग आडनाव बदलता येत नाही का?" येते, पण लोक मूळ गाव विचारतात, असे आम्ही सांगितले. तेव्हा एक मुलगा उठला आणि अतिशय विनयाने त्याने विचारले, "सेन्सेइ, आपण कोणत्या बाजूचे? खडावा काढणारे, की ज्यांच्यासाठी काढतात ते?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "ज्यांच्यासाठी काढतात ते," आम्ही म्हणालो. मुलाने वाकून आभार मानले आणि तो खाली बसला. वहीत त्याने काहीतरी लिहून घेतले.

जुलै २०१८ मध्ये पश्चिम जपानात प्रचंड अतिवृष्टी झाली. आमच्या शहराला लागून असलेल्या कुराशिकीच्या माबी भागात नदीचे बांध फुटले आणि एकट्या त्या भागात पन्नासाहून अधिक माणसे दगावली. शाळेतील मुलांबरोबर आम्हीही चिखल उपसावयास गेलो. तीन दिवस आम्ही घमेल्यांच्या रांगेत उभे होतो. पुढच्याने घमेले दिले, मागच्याला दिले. कोण कोठला हे कोणी विचारले नाही. एका घरातून भिजून जड झालेल्या तातामी चटया काढताना तेथील आजोबांनी सौ.च्या पाठीवर हात ठेवून काहीतरी म्हटले. ते तेथल्या बोलीत असल्यामुळे आम्हांस कळले नाही आणि कन्येने भाषांतर करून सांगितले नाही. परतताना आगगाडी भरलेली होती. आमच्या शेजारची जागा नेहमीप्रमाणे रिकामी राहिली.

मार्च २०१९ मध्ये आम्ही परतलो. निरोपाच्या दिवशी घरमालकीण बाईंनी भिंतीवरचा कचर्‍याचा तक्ता काढून, घडी घालून कन्येच्या हाती दिला. तो आमच्या घरी आहे.

कन्या आता तेवीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात मंडळाच्या वधूवर सूचीचा अर्ज घरी आला. सूचीत नाव घालण्यास तिची हरकत नव्हती, तिने अर्ज स्वतःच भरला. जन्मतारीख, शिक्षण, उंची लिहून झाल्यावर पोटशाखा आणि मूळ गाव या दोन रकान्यांशी ती थांबली. "बाबा, हे पत्त्याचंच ना?" एवढेच तिने विचारले. ते दोन रकाने कोरे ठेवून अर्ज आम्ही चिटणिसांकडे दिला आहे. अपुरा अर्ज घेण्याची रीत नाही असे ते म्हणाले. तथापि त्यांनी तो परत केलेला नाही. कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेत तो ठेवला जाईल, असे कळते.