शेअर बंद, सावड चालू

शेअरिंग म्हटलं की आपल्याला ॲप आठवतं. मार्च २०२० मध्ये ओला-उबरची शेअर राइड बंद झाली, तेव्हा मी पुण्यात गाडी चालवत होतो. सीटा वाटून घेणारे गेले, हप्ता माझ्या एकट्याचा राहिला. मे महिन्यात गावी आलो. आंबेगावचा पश्चिम पट्टा, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला.

आमच्याकडची शेअरिंग म्हणजे सावड. आज तुमच्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तुम्ही. पैसा नाही, पण कुणाचे किती दिवस फिटायचे ते सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. जुन्नर-आंबेगावची कितीतरी भातखाचरं अशीच एकमेकांच्या हातांनी बांधलीत, त्याला पडकई म्हणतात.

शाळेत चौदा दिवस काढले, तरी आवणीला कुणी हाक मारेना. आईचे आठ दिवस एका घराकडे फिटायचे होते. पण "पुण्याचं पोरगं आलंय ना." भीती खरी होती हो, तरी राग आलाच.

रोप पिवळं पडायला लागलं तशी त्या घरची काकी बांधावर आली. म्हणाली, "तुम्ही वरच्या खाचरात, आम्ही खालच्या. भाकरी ज्याची त्याची."

सावडीत जेवण ज्याचं शेत त्याच्याकडे असतं. आईला ते फार लागलं. पण तिघं आले, दोन दिवसांत आवणी उरकली.

राहिलेले दोन दिवस कापणीला फिटले. तेव्हा जेवण आमच्याकडेच होतं. आईनं ताटं मात्र लांब लांब मांडली.