मोकळ्या जागेचा हक्क
(सेमाडोह येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय निमंत्रणपत्रिकेत ‘पॅकेटांच्या रांगा आणि सामाईक मेमरी’ असा छापला आहे, आणि तो वाचून पुढे बसलेल्या काही मंडळींच्या मुद्रेवर उमटलेली चिंता मला येथून स्पष्ट दिसते आहे. (हशा) तथापि मी एक सिद्धान्त मनाशी पक्का धरून आलो आहे, तो प्रथमच सांगून टाकतो : जी वस्तू अनेकांच्या उपयोगाची, ती सामाईकच असावी, तिचे तुकडे पाडून वाटू नयेत, परंतु तिचा काही अंश सदैव मोकळा राहील असा शिरस्ता आरंभीच घालून द्यावा, कारण जो अद्याप आलेला नाही त्याचा त्या मोकळ्या जागेवर हक्क असतो.

संदेशाचे तुकडे कसे होतात, त्यांना पॅकेटे का म्हणतात, राउटर म्हणजे काय, हे सारे आपणास विदित आहेच. त्यावर वेळ दवडत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. राउटरपाशी पॅकेट आले आणि पुढची तार त्या क्षणी मोकळी नसली, तर ते ठेवावयाचे कोठे? त्या ठेवण्याच्या जागेला बफर म्हणतात, आणि तिची व्यवस्था हाच आजचा विषय.

ही व्यवस्था जरा जवळून पाहू. यंत्र सुरू होते तेव्हाच एका मापाचे हजारो बफर, बहुधा दोन हजारांवर बाइटांचे, मेमरीत आखून ठेवतात आणि त्यांचे पत्ते एका सामाईक साठ्यात जमा करतात. पॅकेट आले की जाळ्याचे कार्ड ते थेट एका रिकाम्या बफरात उतरवते. आणि येथून पुढे, नीट लक्ष द्यावे, ते पॅकेट जागचे हलत नाही. तपासणी करणारा, मार्ग ठरवणारा, रवानगी करणारा, या सर्वांच्या रांगांतून फिरतो तो केवळ त्याचा पत्ता. मजकुराच्या अगोदर थोडी जागा, डीपीडीके नावाच्या प्रचलित संचात १२८ बाइट, कोरी सोडतात, ती अशासाठी की वाटेत नवे शीर्षक जोडावे लागले तर सबंध मजकूर सरकवावा लागू नये. एकच पॅकेट तीन दिशांना पाठवावयाचे असेल तर त्याच्या तीन प्रती न करता बफरावर ‘३’ हा आकडा मांडतात. ज्याचे काम आटोपले तो एक वजा करतो, आणि ज्याच्या हातून शून्य होते त्याने बफर साठ्यात परत जमा करावयाचा.

या परतफेडीत कसूर झाली म्हणजे काय अनर्थ होतो, त्याचा एक दाखला देतो. एका यंत्राच्या आज्ञावलीत सदोष पॅकेट टाकून देण्याची जी वाट होती, तीवर बफर परत करण्याची एक ओळ लिहावयाची राहून गेली होती. सदोष पॅकेटे विरळाच येत, म्हणून यंत्र दीर्घकाळ उत्तम चाले. आणि मग एके दिवशी, तार शाबूत, वीज शाबूत, कार्ड शाबूत असताना, नवे पॅकेट उतरवावयास एकही बफर शिल्लक नव्हता. जमाखर्चातील बारीक गळतीने सबंध कारभार बुडतो, तो असा.

आता हा विषय वऱ्हाडच्या भाषेत मांडतो. कापसाच्या बाजाराचे आवार डोळ्यांसमोर आणा. पहाटे गाड्या येऊन उभ्या राहतात. हर्रास होतो, आणि त्यानंतर गाडी जागेवरच असते, फिरते ती सौदापट्टी : अडत्याकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून मापाऱ्याकडे. काट्याची पाळी आली म्हणजेच गाडी हलते, आणि तिची जागा दुसऱ्या गाडीस मिळते. ही व्यवस्था आपल्या प्रांतात आपोआप आलेली नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात आपल्या कापसास एकाएकी मोल चढले. १८७० साली खामगावची रेल्वेशाखा खुली करावयास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंज्याच्या बाजारास नियमबद्ध स्वरूप आले, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. नियमबद्ध बाजाराचा भारतातील जुन्यात जुना दाखला विचाराल तर तो या वऱ्हाडातला आहे! (टाळ्या) पुढे देशभर ज्या बाजार समित्या झाल्या, त्यांचे मूळ शोधणाऱ्याला कारंज्यापाशी यावे लागते, आणि हे आपल्या शाळांतून शिकवले जात नाही याचा मला मनस्वी खेद वाटतो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. परंतु मी विषय सोडलेला नाही. हे आवार खडूच्या रेघांनी प्रत्येक अडत्यास सारखे वाटून दिले, तर एकाच्या चौकटीत कुत्रे निजलेले असेल आणि दुसऱ्याच्या गाड्या पार सडकेपर्यंत उभ्या असतील. उलट, रेघाच नको, येईल त्याने जागा घ्यावी असे म्हटले, तर एखादा मोठा अडत्या पहाटेच सगळे आवार भरून टाकील आणि दुपारी लांबून आलेल्या एका बैलजोडीच्या शेतकऱ्यास फाटकाबाहेर ताटकळावे लागेल. राउटरमधील सामाईक मेमरीपुढचा पेच तंतोतंत हाच आहे.

(सभागृहातून : “मेमरी आता स्वस्त आहे, ती वाढवावी!”)

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर जॉन नेगल यांनी १९८५ सालीच देऊन ठेवले आहे. अमर्याद साठवण असलेला राउटर कल्पून त्यांनी दाखवले की असले जाळेही गर्दीत कोलमडते. कारण प्रत्येक पॅकेटास आयुष्याची मर्यादा असते, आणि रांग पुरेशी लांबली की पॅकेटे रांगेतच मुदतबाह्य होतात. हिशोबच करा. १९९२ साली मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेतून अमेरिकेकडे जो दुवा जोडला गेला, तो सेकंदास ६४ किलोबिटांचा होता. १,५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिटांचे, एक पॅकेट त्यावरून जावयास सुमारे ०.१९ सेकंद लागणार. अशा दुव्यापुढे २५६ पॅकेटांचा बफर बांधून तो भरू दिला, तर शेवटच्या पॅकेटास ४८ सेकंद तिष्ठावे लागेल. साठवण वाढली, सेवा वाढली नाही. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास घरोघरच्या यंत्रांत हाच रोग ओळखला आणि ‘बफरब्लोट’ हे त्याचे नाव रूढ केले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली त्यावर जी ‘कोडेल’ नावाची तजवीज मांडली, ती रांगेची लांबी मोजतच नाही. पॅकेट किती वेळ तिष्ठले एवढेच ती पाहते, आणि ही प्रतीक्षा १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ मिलिसेकंदांखाली उतरली नाही, तर पॅकेटे टाकून देऊ लागते.

(दुसरा आवाज : “पण साहेब, आमच्याकडे आधी रेंज तर येऊ द्या!” मोठा हशा)

हसा, पण हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. मनोरे उभारणे माझ्या हाती नाही हे खरे. याच सडकेवर पुढे असलेले हरिसाल २०१६ साली ‘डिजिटल गाव’ म्हणून राज्यभर गाजले, आणि तेव्हापासून या मुलखातल्या प्रत्येक पाड्याची तशी अपेक्षा आहे. ती असलीच पाहिजे. परंतु जेथे दुवा बारीक असतो तेथेच रांगेचा कारभार अधिक चोख हवा. शहरातील रुंद वाहिनीवर अव्यवस्था खपून जाते. डोंगरातल्या एका दुव्यावर मात्र कोणी एकाने चित्रपट उतरवावयास घेतला आणि त्याच्या पॅकेटांनी सगळे बफर अडवले, तर आरोग्यकेंद्रातून निघालेला चार ओळींचा निरोप दारातच टाकून दिला जातो. म्हणून, अध्यक्षमहाराज, हा विषय पुण्या-मुंबईपेक्षा सेमाडोहला अधिक लागू आहे, असे माझे ठाम मत आहे. (टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. परतवाड्याच्या मंडळींना घाट उतरावयाचा आहे, म्हणून मी थेट मुद्द्याच्या गाभ्याकडे, म्हणजे सामाईक मेमरीच्या त्या पेचाच्या उत्तराकडे, येतो.

बेल लॅबोरेटरीजमधील अभिजित चौधरी आणि एलन हान यांनी १९९८ च्या निबंधात एक नियम मांडला. कोणत्याही रांगेची मर्यादा आगाऊ ठरवू नये. त्या क्षणी जेवढे बफर मोकळे असतील, त्यांच्या ठरावीक पटीपर्यंतच तिला वाढू द्यावे. ती पट एक धरा आणि एकूण साठ बफर आहेत असे समजा. एकाच रांगेला गर्दी असेल तर ती तीस घेते, तीस मोकळे राहतात. दुसरीला गर्दी झाली की मोकळी जागा घटते, म्हणून पहिलीची मर्यादा आपोआप खाली येते, तिला नवे बफर मिळेनासे होतात, आणि तिची पॅकेटे जसजशी रवाना होतात तसतसा तोल साधत जाऊन दोघींस वीस-वीस मिळतात, वीस मोकळे राहतात. तिसरी आली तर प्रत्येकी पंधरा, आणि पंधरा मोकळे. कोणाची खानेसुमारी नाही, कोणाचा अर्ज नाही. मागणारे किती आहेत हे यंत्रास ठाऊक नसतानाही न्याय होतो, कारण मोकळी जागा स्वतःच सर्वांना एकच वर्दी देत असते.

ते मोकळे पंधरा बफर वाया गेले असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी माझा मतभेद आहे. त्या पंधरांमुळेच चौथीचे पहिले पॅकेट आत येऊ शकते. शिवाय जे पॅकेट नाकारायचे ते वेळीच नाकारले, तर पाठवणाऱ्यास सूचना मिळते आणि तो वेग आवरतो. ते तासभर दडपून ठेवणे ही दया नव्हे.

सभागृहात महाविद्यालयीन विद्यार्थी पुष्कळ दिसतात. त्यांतील कोणी उद्या असली आज्ञावली लिहावयास बसेल, तर त्याला माझे सांगणे आहे : बफर किती घ्यावेत याआधी मोकळे किती ठेवावेत हे ठरवा, घेतलेला प्रत्येक बफर कोणत्या ओळीवर परत होतो ते, चुकीच्या वाटांसकट, बोट ठेवून दाखवा, आणि आपली व्यवस्था पारखताना भरधाव रांगेचा वेग मोजून समाधान मानू नका, सर्वांत बारीक रांगेतील उशिरा आलेल्या एका पॅकेटास जागा मिळाली की नाही ते पाहा. ती मिळत नसेल तर बाकीचे सारे आकडे कितीही मोठे असोत, व्यवस्था फसली असे खुशाल लिहून द्या.