कुटुंबनियोजनाचे बिनसरकारी कार्य

मुंबईहून हावड्याकडे जाणारी आगगाडी वर्धा, नागपूर, राजनांदगाव, दुर्ग अशी स्थानके घेत भिलाईस येते. पोलादाच्या कारखान्याभोवती वसलेल्या या नगरातील सिविक सेंटरच्या बाजारात आजही नागपुरी वळणाचे मराठी कानी पडते. त्यात नवल नाही. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चालत असे. आज ज्या कार्याविषयी मी बोलणार आहे त्यातील एक जुना वाद याच लोहमार्गावर झडला होता. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर ही अमेरिकन विदुषी वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटली. पतीला नकार देण्याचा स्त्रीस अधिकार आहे, हे गांधीजींना पूर्णतः मान्य होते. पण संततिनियमनाचा मार्ग संयमाचा असावा, साधनांचा नव्हे, हा त्यांचा आग्रह सुटला नाही. बाई ज्या मताने आल्या त्याच मताने परतल्या.

मुंबईला मात्र हा विषय नवा नव्हता. विल्सन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ सालीच तेथे संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी, हे ध्यानात घेतले म्हणजे या एकाकी गृहस्थाची झेप लक्षात येते. १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. त्यांच्या पत्नी मालतीबाई या कार्यात पतीच्या बरोबरीने उभ्या होत्या. त्यांचे नाव आपण फारच कमी घेतो.

बाबासाहेबांनी हा प्रश्न केवळ न्यायालयापुरता ठेवला नाही. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे श्री. रोहम यांनी मांडला. त्या भाषणाचा मसुदा बाबासाहेबांचा होता. ठराव फेटाळला गेला. वारंवारच्या बाळंतपणाने स्त्रीची जी हानी होते ती सोसायची की नाही, हे ठरविण्याचा हक्क तिचा आहे, हा युक्तिवाद त्या दिवशी तरी सभागृहाच्या गळी उतरला नाही. पुण्यात त्याच सुमारास शकुंतलाबाई परांजपे यांनी हे काम हाती घेतले, आणि पुढे विधानपरिषदेत व राज्यसभेतही त्या या विषयावर बोलत राहिल्या.

एकेकट्या माणसांच्या या उद्योगाला संस्थेचे रूप आले ते १९४९ मध्ये. धन्वंती रामराव, आवाबाई वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया’ स्थापन केली. आवाबाई मूळच्या कोलंबोच्या, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या. नोव्हेंबर १९५२ मध्ये या तरुण संस्थेने मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरविली आणि तेथेच आठ देशांच्या संघटनांनी मिळून ‘इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहूड फेडरेशन’ ही जागतिक संस्था जन्मास घातली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत भारत सरकारने या कार्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले. बिनसरकारी संस्थेने आधी वाट पाडावी आणि सरकारने मागाहून त्या वाटेवर यावे, असे आपल्याकडे क्वचित घडते. येथे ते घडले.

परंतु सरकार आले ते आपला स्वभाव घेऊन आले. मी सरकारी नोकर आहे, म्हणून हे बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजतो. आमच्या कचेऱ्यांना उद्दिष्ट लागते, आणि उद्दिष्टाला आकडा लागतो. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमतही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. ज्या प्रांतात कर्व्यांनी लोकांची मने वळविण्यासाठी आयुष्य वेचले, तेथेच मने वळविण्याची गरजच उरू नये अशी तरतूद व्हावी, हे मला आजही खटकते. त्या सक्तीच्या वर्षात बहुसंख्य शस्त्रक्रिया पुरुषांच्या झाल्या होत्या. त्यानंतर पुरुष बिथरले आणि सारा भार स्त्रियांवर पडला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित जोडप्यांत स्त्रीनसबंदीचे प्रमाण शेकडा ३७.९ होते, पुरुषनसबंदीचे अवघे ०.३.

संस्थेची कसोटी दुसऱ्या बाजूनेही लागली. आवाबाई १९८३ ते १९८९ जागतिक फेडरेशनच्या अध्यक्षा होत्या. गर्भपाताच्या सेवेशी संबंध ठेवणाऱ्या परदेशी संस्थांना पैसा द्यायचा नाही, असे अमेरिकन शासनाने १९८४ मध्ये ठरविले. फेडरेशनने अट नाकारली आणि अनुदानावर पाणी सोडले. भारतात १९७१ च्या कायद्याने गर्भपात विशिष्ट कारणांसाठी वैध झालेला होता. दूरच्या राजधानीतील धोरणासाठी येथील स्त्रीला दारातून परत पाठविणे आवाबाईंच्या संस्थेला कसे शोभले असते?

१९९६ मध्ये केंद्र सरकारने साधनवार उद्दिष्टे रद्द केली. कागदावरून गेलेली उद्दिष्टे व्यवहारातून मात्र लवकर जात नाहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच छत्तीसगडात, बिलासपूरजवळच्या शिबिरात एका शल्यवैद्याने काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांतील शिबिरांनंतर तेरा स्त्रिया दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. संमतिपत्रातील मजकूर स्त्रीला तिला समजेल अशा भाषेत समजावून द्यावा, आणि होकार देण्यापूर्वी विचार करण्यासाठी तिला सुमारे तासाभराची उसंत द्यावी, असेही त्या निकालात आहे. शिबिरात ८३ जणींना असा एकेक तास देणे कोणत्याही व्यवस्थापकाला साधणार नाही. लहानशा केंद्रात, जेथे दिवसाला मोजक्या स्त्रिया येतात आणि कोणी वरून आकडा मागत नाही, तेथे तो देता येतो.