संगणकाचा वेग आणि त्याची उष्णता

संगणकांतील प्रोसेसर कारखान्याबाहेर पडतो तो ठराविक वेग घेऊनच. त्याहून अधिक वेगानें त्याला मुद्दाम चालविणें, यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तरुणांना याचें मोठें आकर्षण वाटतें, आणि तें निराधार नाहीं. १९९८ सालीं इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए हा अल्पमोली प्रोसेसर निघाला. त्याचा मूळ वेग ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डवरील बसची गति ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली, कीं त्याचे पुष्कळसे नग ४५० मेगाहर्ट्झनें बिनतक्रार चालत. थोड्या पैशांत दीडपट वेग पदरीं पडे.

आज तसें घबाड सहसा हातीं लागत नाहीं. हल्लींचे प्रोसेसर तपमान व वीज यांचा अंदाज घेऊन आपला वेग आपणच वाढवितात. मालकासाठीं उरतें तें थोडें. तेंही मिळविण्यास प्रोसेसर वेगवाढीसाठीं खुला ठेवलेला असावा लागतो. इंटेलच्या प्रोसेसरांत तो बहुधा नांवाअखेरच्या ‘के’ अक्षरावरून ओळखावा आणि जोडीस ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड घ्यावा. एएमडीचे बहुतेक रायझन प्रोसेसर खुलेच असतात. मात्र ‘ए’ मालिकेचा मदरबोर्ड तेथें उपयोगीं पडत नाहीं.

खरी मेख उष्णतेंत आहे. वेगाबरोबर उष्णता त्याच प्रमाणांत वाढते. परंतु वाढीव वेग स्थिर राहावा म्हणून व्होल्टेजही वाढवावें लागतें, आणि त्यामुळें उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दोन्ही १० टक्के वाढविलीं, तर १०० वॅटच्या जागीं सुमारें १३३ वॅट उष्णता निर्माण होईल. वेग एक दशांश अधिक, उष्णता एक तृतीयांश अधिक!

म्हणून आधीं प्रोसेसर आणि उरल्या पैशांत कूलर, हा क्रम चुकीचा होय. दोहोंची निवड एकदमच व्हावी. कोअर आय९-१४९००के याची मूळ शक्ति १२५ वॅट दिलेली आहे. पण भर वेगांत कंपनीच्याच आंकड्याप्रमाणें ती २५३ वॅटपर्यंत जाते. कूलर घ्यावा तो दुसरा आंकडा पाहून.

मनोऱ्यासारख्या कूलरमध्यें बंद नळ्यांतील द्रवाची तळाशीं वाफ होते, ती पात्यांपाशीं पुन्हां द्रवरूप होते आणि उष्णता पंख्याच्या वाऱ्यास मिळते. पाण्याच्या कूलरांत पंप तीच उष्णता रेडिएटरपर्यंत नेतो. पंप बिघडण्याची धास्ती मनोऱ्यास नाहीं. पण अखेर दोन्ही उष्णता टाकतात ती खोलींतील हवेंतच. समजा, २५ अंशांच्या खोलींत प्रोसेसर ८० अंशांवर राहतो, म्हणजे हवेहून ५५ अंश अधिक. नागपुरांत मे महिन्यांत तीच खोली ४० अंशांची झाली, तर तो ९५ अंशांच्या घरांत जाईल, आणि स्वसंरक्षणार्थ वेग आवरता घेण्याची पाळी त्याजवर येईल.

व्होल्टेज वाढविण्यांत दुसराही धोका आहे. २०२४ सालीं इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढींतील कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरता आढळली. अवाजवी व्होल्टेज हें कारण कंपनीनेंच सांगितलें, व वॉरंटी दोन वर्षांनीं वाढविली. हा प्रकार मालकानें हात न लावतांही घडला. ओव्हरक्लॉकिंगनें झालेली हानि तर वॉरंटींत बहुधा धरलीच जात नाहीं.

घरच्या संगणकावर कुटुंबाचे हिशेब व मुलांचा अभ्यास सांठविलेला असतो. तेव्हां वेग पायरीपायरीनें वाढवावा, प्रत्येक पायरीस कांहीं तास कसून परीक्षा घ्यावी, आणि व्होल्टेज वाढविल्यावांचून जेथवर जातां येईल तेथेंच समाधान मानावें. भर उन्हाळ्यांतील दुपारीं जो वेग टिकेल, तोच आपला समजावा.