पिरनवाडीच्या फाट्यापलीकडचा पाऊस

बेळगावहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता उद्यमबागेतील कारखाने मागे टाकून पिरनवाडीस येतो आणि तेथे त्याला फाटा फुटतो. एक वाट मच्छे गावावरून खानापूरकडे जाते. दुसरी किणये, जांबोटी, कणकुंबी अशी गावे घेत चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात शिरते. जून महिन्याच्या अखेरीस या फाट्यावर उभ्या असलेल्या माणसांकडे नुसते निरखून पाहिले, तरी कोण कोणत्या वाटेने जाणार हे ओळखता येते. खानापूरच्या मोटारीची वाट पाहणाऱ्याच्या हाती बहुधा एखादी छत्री असते. जांबोटीकडे जाणाऱ्याच्या पिशवीत मात्र प्लास्टिकचा कागद, मेणबत्त्यांचा पुडा, मीठ, सुक्या मासळीची पुडी आणि एखादे औषध हमखास असते. पहिला घरी चाललेला असतो. दुसरा पावसात चाललेला असतो.

हा फरक अवघ्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा आहे. बेळगाव शहरात व त्याच्या लगतच्या पिरनवाडीत वर्षाकाठी सरासरीने १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तोच कणकुंबीच्या बाजूस तिपटीच्या घरात जातो आणि कित्येक वर्षी त्याहूनही पुष्कळ अधिक होतो. कणकुंबीच्या दक्षिणेस रानात दडलेल्या आमगाव नावाच्या लहानशा गावी २०१० साली १०,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला. आगुंब्याच्या पावसाची कीर्ती शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या तोडीचा पाऊस आपल्या दाराशी पडतो, ही गोष्ट खुद्द बेळगावातल्या अनेकांच्या गावी नसते.

याचे कारण समजण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. कणकुंबीपासून समुद्र सरळ रेषेत फारसा दूर नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे गोव्याची सखल भूमी ओलांडतात आणि सत्तरीच्या पलीकडे सह्याद्रीच्या भिंतीवर येऊन आदळतात. तेथे त्यांना वर चढल्यावाचून गत्यंतर नसते. वर चढताना ते थंड होतात व आपला भार कड्यालगतच्या गावांवर रिता करतात. मग हलके झालेले तेच वारे जांबोटी, किणये असे करीत पिरनवाडीस पोहोचतात, तेव्हा त्यांच्यापाशी भातपिकास पुरेल एवढेच पाणी उरते. आणखी पूर्वेस सौंदत्तीच्या बाजूस तर माणसे आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात.

पावसाचा हा उतार शेतातही वाचता येतो. पिरनवाडीच्या आसपास वैशाखाच्या अखेरीस, वळवाच्या एखाद-दुसऱ्या सरीनंतर, कोरड्या मातीतच कुरीने भात पेरण्याची रीत आहे. तिला धूळवाफ पेरणी म्हणतात. बी मातीत पडून मृगाची वाट पाहते. उगवण झाल्यावर कोळपणी, मग भांगलण. बायकांच्या रांगा वाकून तण काढीत असतात आणि शेजारच्या शेतातल्या मैत्रिणीशी त्यांचे बोलणे बांधावरून चालू असते. बेळगावी बासमतीचा वास ज्या भागाने नावारूपास आणला तो हाच. कणकुंबीच्या बाजूस मात्र अशी पेरणी करणे म्हणजे बी ओढ्यास देणे होय. तेथे आधी रोप तयार करावयाचे, जांभ्या मातीच्या खाचरात पाणी तुंबवून चिखल करावयाचा आणि आषाढात भर पावसात ती रोपे लावावयाची. चढावरच्या जागेत नाचणा. खाचराचा बांध फुटला तर रात्री कंदील घेऊन उठावे लागते. सकाळपर्यंत थांबले तर सकाळी खाचर उरत नाही.

लावणीच्या वेळी पाठीवर जे असते ते इरले. बांबूच्या कामट्यांची ताटी विणून तीत पाने दडपलेली असतात. या सीमेवर त्याला गोरब असेही म्हणतात, आणि हा शब्द कानडीच्या शेजारातून आलेला आहे. मराठी बोलणाऱ्या घरातले हे कानडी नाव कोणी मुद्दाम आणून ठेवलेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्याच्या कितीतरी आधीपासून ते या घरांच्या वळचणीस टांगलेले आहे. पुढे प्लास्टिकची खोळ आली. ती स्वस्त व हलकी खरी. परंतु वाकून काम करणाऱ्याच्या पाठीवर इरल्याखाली जी कोरडी, उबदार हवा राहते, ती खोळीत राहत नाही. खोळीत माणूस पावसाने भिजत नाही, घामाने भिजतो. म्हणून एखादी म्हातारी अजूनही जुने इरलेच मागते.

या मुलखात पावसाळ्याची तयारी ही एक स्वतंत्र शेती आहे. मार्चपासूनच जळण फोडून, वाळवून पडवीत रचावयाचे. शेणी थापून झाकून ठेवावयाच्या. छपराची कौले काढून, फुटकी बदलून, पुन्हा नीट बसवावयाची. हे काम शाकारणीचे, आणि त्यासाठी गावातला एखादा हलका व धीट तरुण सर्वांनाच हवा असतो. पावसाचा मारा ज्या बाजूने येतो त्या भिंतीला गवताचा किंवा भाताच्या पिंजराचा पडदा बांधावयाचा, नाहीतर मातीची भिंत श्रावणापर्यंत तग धरीत नाही. तांदूळ, मीठ, मिरची, आमसुले, सुकी मासळी यांची बेगमी करावयाची. चार महिन्यांत काय काय लागेल याचा हिशेब घरातली वडीलधारी बाई बोटांवर करते. त्यात आजारपणाचा रकाना नसतो, कारण आजाराची बेगमी करता येत नाही.

पावसाचे दिवस मोजण्याचे येथले माप म्हणजे नक्षत्रे. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, त्यानंतर आर्द्रा. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा आणि पुष्याचा तो म्हातारा. पुढे मघांचा पाऊस सासूंचा, पूर्वांचा सुनांचा. कोणत्या नक्षत्राला पंचांगात कोणते वाहन दिले आहे, बेडूक की म्हैस की हत्ती, यावरून ओसरीवर वाद रंगतात. हवामानखात्याचा अंदाज भ्रमणध्वनीवर येऊ लागल्यावरही हे वाद थांबलेले नाहीत. भ्रमणध्वनीस तरंग मिळण्यासाठी टेकडीवर चढावे लागते. पंचांग खुंटीला असते.

एवढ्यावरून पावसाळा म्हणजे निव्वळ हालअपेष्टा, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यातून वर चढणारे मासे धरण्यास पोरे रात्री बत्त्या घेऊन निघतात. खेकडे मिळतात. वारुळाच्या कडेस अळंबी उगवली की तिची बातमी गावात पसरण्याआधी ती घरी आणण्याची शर्यत लागते. टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्यांना बाजार माहीत नाही. चुलीपाशी वाळत घातलेल्या घोंगड्याचा वास, बाहेर अखंड धार आणि आत भजनाचा टाळ, अशी रात्र ज्याने लहानपणी अनुभवली त्याला पुढे शहरातल्या कोरड्या अंथरुणात लवकर झोप येत नाही. जळवांचे मात्र कोणीही कौतुक करीत नाही. चुना आणि तंबाखू पायाला चोळून निघावे, तरी एखादी बोटांच्या बेचक्यात सापडतेच. भाद्रपदात गणपती येतात, तेव्हा गोव्यात व बेळगावात कामास गेलेली मुले परततात, रानात तेरडा फुललेला असतो आणि गौरीसाठी तो आणण्यास मुली निघतात. वर्षातले सर्वांत भरलेले गाव पाहावयाचे तर ते त्या दिवसांत.

हे सारे पाणी जाते कोठे, हा प्रश्न विचारल्यावाचून या मुलखाची कथा पुरी होत नाही. कणकुंबीस माउलीचे देऊळ आहे आणि तेथेच मलप्रभेचा उगम मानतात. ती पूर्वेस वळते, सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात थांबते, हुबळी-धारवाडची तहान भागविते आणि सुमारे ३०० किलोमीटरांचा प्रवास करून कुडलसंगमास कृष्णेला मिळते. म्हणजे अखेर बंगालच्या उपसागरास. याच खानापूर तालुक्याच्या रानात देगावच्या बाजूस म्हादईचा उगम आहे. ती पश्चिमेस उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्रास मिळते. एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांचे नशीब येथे कड्याच्या कोणत्या बाजूस ते पडले यावर ठरते.

थेंबांचे हे नशीब बदलण्याचा खटाटोप गेली अनेक वर्षे चालू आहे. म्हादईस मिळणारे कळसा व भांडुरा हे दोन नाले मलप्रभेकडे वळवावेत, असा कर्नाटकाचा आग्रह; त्यास गोव्याचा कडवा विरोध. २०१० साली लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. त्यात कर्नाटकाच्या वाट्यास एकूण १३.४२ टीएमसी पाणी आले. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यांपैकी मलप्रभेत वळवावयाचे कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८. निवाड्यानंतरही भांडण मिटले नाही. हुबळीतल्या नळाची गरज खोटी नाही, आणि मांडवीच्या मुखाशी खारे पाणी आत सरकेल ही गोव्याची भीतीही खोटी नाही. परंतु या दोन्ही पक्षांच्या कागदांत ज्यांच्या छपरावर ते पाणी प्रथम पडते त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

त्यांची अडचण निराळीच आहे. आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, देगाव, तळेवाडी ही गावे भीमगडच्या रानात आहेत. हे रान साधे नव्हे. येथील बारापेडी गुहांत एका जातीचे वटवाघूळ राहते. त्याचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली झाले आणि रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव त्यास मिळाले. पुढे कित्येक दशके जगात अन्यत्र कोठेही ते आढळले नव्हते. मेघालयात व कंबोडियात त्याचा पत्ता फार मागाहून लागला. २०११ साली या सुमारे १९० चौरस किलोमीटर रानास अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो उचितच होता. मात्र अभयारण्यात पक्का रस्ता, पूल, विजेचे खांब यांस सहजासहजी अनुमती मिळत नाही. ओढ्यावर ग्रामस्थांनी लाकडे टाकून बांधलेला साकव हाच पूल. आषाढात पाणी साकवावरून गेले की गाव तुटते. शाळेचे शिक्षक अलीकडच्या काठावर राहतात, रोगी पलीकडच्या. २०२४ च्या जुलैत आमगावच्या एका आजारी स्त्रीस ग्रामस्थांनी भर पावसात खांद्यावरून, रानातून, रुग्णवाहिका जेथवर येऊ शकत होती तेथवर वाहून आणले. ही वार्ता वृत्तपत्रांत छापून आली म्हणून बाहेर कळली. अशा डोल्या त्या वाटेने त्यापूर्वीही गेलेल्या आहेत.

तेव्हा या माणसांनी रानाबाहेर यावे, अशी योजना पुढे आली. प्रत्येक कुटुंबास १५ लाख रुपये, आणि २०२५ साली तळेवाडीच्या कुटुंबांना त्याचा पहिला हप्ता मिळाला. ज्यांनी तो घेतला त्यांना दोष देण्याचा अधिकार कोरड्या घरात बसणाऱ्यांना नाही. ज्या बाईने बाळंतपणाच्या कळा सोसत साकव ओलांडला आहे, तिला वाटेवरच्या घराचे मोल पुस्तकातून शिकावे लागत नाही. दुसऱ्या काही गावांतील वृद्धांचे म्हणणे निराळे पडते. रस्ता गावापर्यंत आणा, गाव रस्त्यापर्यंत का नेता, असे ते विचारतात. पंधरा लाखांत बेळगावजवळ घर होईल, पण खाचर होणार नाही. आणि खाचरावाचून मृग लागला काय किंवा न लागला काय, दोन्ही सारखेच. त्यांच्या या बोलण्यास हट्ट म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. ज्याने एकेक दगड रचून बांध घातला आणि तो दर वर्षी पावसापासून राखला, त्याला त्या जमिनीची किंमत धनादेशावर मांडता येत नाही, एवढे तरी मान्य करावयास हवे.

या वादाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर त्या गावांतली तरुण मुले उद्यमबागेतल्या ओतशाळांत व यंत्रशाळांत काम करतात आणि पिरनवाडी-मच्छे भागात खोल्या घेऊन राहतात. मृग जवळ आला की त्यांच्या रजेच्या अर्जांनी कारखान्यातले मुकादम हैराण होतात. आषाढातल्या रात्री पाळी संपवून अशी दोन मुले पिरनवाडीच्या फाट्यावर चहा घेत उभी असतात. इकडे नुसती भुरभुर असते. जांबोटीच्या दिशेचे आभाळ मात्र काळे असते. त्यांतला एक घरी दूरध्वनी लावतो. चार वेळा लागत नाही, पाचव्यांदा लागतो. म्हणजे पलीकडे कोणीतरी या वेळेस मुद्दाम टेकडीवर येऊन थांबलेले आहे. जेवलास काय, बरा आहेस काय, हे पलीकडून त्याची आई विचारीत असते. तो त्यांतल्या एकाचेही उत्तर देत नाही. "आई, साकवावरून पाणी गेलं काय?" एवढेच तो विचारतो.