औषधदान आणि अचूक किरणोपचार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात कौंडण्यपूर येथे केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा, याचा विचार गेले काही महिने चालू आहे. अनेक सूचना आल्या. त्यांपैकी एक अशी की, कर्करोगाच्या रुग्णांसाठी अत्यंत अचूक असा किरणोपचार विदर्भातील एखाद्या सेवाभावी रुग्णालयात उभा राहावा आणि त्यात आपल्या समाजाचा वाटा असावा. त्याची माहिती घेऊन आपणांसमोर ठेवण्याचे काम विश्वस्तांनी माझ्याकडे सोपविले. मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. म्हणून जे समजून घेतले ते व्यापाऱ्याच्या रीतीने सांगतो : माल काय आहे, तो कोणाच्या उपयोगाचा आहे, आणि खरा खर्च कोठे आहे.

हा विषय आपल्या परिसराला परका नाही. रुक्मिणीमातेचे माहेर म्हणून ख्याती असलेल्या या कौंडण्यपूरच्याच तिवसा तालुक्यात मोझरीचे गुरुकुंज आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे देहावसान १९६८ साली कर्करोगाने झाले आणि नागपूरचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आज त्यांचेच नाव धारण करून उभे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या मुळाशीही असेच एक दुःख आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या दानातून १९४१ साली ते रुग्णालय उघडले. पुढे १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. कर्करोगाच्या निदानात व उपचारात किरणांना मोठे स्थान राहील, ही डॉ. होमी भाभा यांची दूरदृष्टी त्यामागे होती. दानाने इमारत उभी राहिली. तिला पिढ्यान्‌पिढ्या चालविले ते शिकलेल्या माणसांनी. आजचा माझा मुद्दा येथेच आहे.

आपल्याकडे लोक किरणोपचाराला ‘शेक’ म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत तो थोडा थोडा करून दिला जातो. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. साठ ग्रे द्यायचे असतील तर रोज दोन ग्रे याप्रमाणे तीस बैठका, म्हणजे सहा आठवडे लागतात. मधल्या काळात निरोगी पेशींना सावरण्यास अवसर मिळतो. नव्या पद्धतीला ‘स्टिरिओटॅक्टिक बॉडी रेडिओथेरपी’ म्हणतात. तीत अनेक दिशांनी बारीक किरणझोत सोडले जातात आणि ते सर्व नेमके गाठीवर एकवटतात. प्रत्येक झोताचा वाटेतील अवयवांना होणारा त्रास अल्प, पण गाठीवर त्यांची बेरीज मोठी. त्यामुळे तीन ते पाच बैठकांत उपचार पूर्ण होऊ शकतो.

स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही कल्पना मेंदूसाठी मांडली. कवटी घट्ट धरून ठेवता येते, म्हणून तेथे ते साधले. छाती-पोटातील गाठ मात्र श्वासाबरोबर हलते. श्वासपटलाजवळची गाठ तर एक-दोन सेंटिमीटरपर्यंत खालीवर होते. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात इंगमार लॅक्स व हेन्रिक ब्लोमग्रेन यांनी १९९० च्या दशकारंभी शरीर स्थिर ठेवणारी चौकट तयार केली आणि हा उपचार उर्वरित शरीरासाठीही खुला झाला.

याचे मोल आपल्या लोकांसाठी काय? आमच्या पेढीवरील एका सहकाऱ्याला किरणोपचारासाठी सहा आठवडे परगावी राहावे लागले. उपचार सवलतीत झाला. परंतु खोलीचे भाडे, सोबतच्या माणसाचा खर्च आणि घरातील दोघांची बुडालेली कमाई यांनी ते कुटुंब वाकले. सहा आठवड्यांऐवजी आठ-पंधरा दिवसांत काम होत असेल, तर उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणाऱ्या शेतकऱ्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे. शिवाय वय, दमा वा हृदयविकार यांमुळे ज्यांच्यावर शस्त्रक्रिया करता येत नाही, त्यांना याचा विशेष लाभ होतो. फुफ्फुसाचा आरंभीचा कर्करोग असलेल्या अशाच ५५ रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांना तीन बैठकांत ५४ ग्रे देण्यात आले होते. तीन वर्षांनंतर मूळ गाठ काबूत असण्याचे प्रमाण ९७.६ टक्के आढळले.

आता दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. हा उपचार सर्वांसाठी नाही. फुफ्फुस, यकृत, प्रोस्टेट, मणका अशा ठिकाणच्या, आकाराने मर्यादित आणि संख्येने मोजक्या गाठींसाठी तो आहे. आपल्या वऱ्हाडात खर्रा आणि तंबाखू यांनी होणारा मुखाचा कर्करोग घरोघरी परिचित आहे. त्यावर मुख्यतः शस्त्रक्रिया आणि आवश्यकतेनुसार नेहमीचा, अनेक आठवड्यांचा किरणोपचारच करावा लागतो. तेव्हा ‘नवे यंत्र आले की सगळे बरे होतील’ असा समज आपण समाजात पसरू देता कामा नये.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. तीस बैठकांत एखाद्या दिवशी रुग्ण किंचित सरकला, तर ती चूक एकतिसांश होते. तीनच बैठका असतील तर एका बैठकीतील चूक म्हणजे एकतृतीयांश उपचार चुकला. एका वेळी दोनऐवजी अठरा ग्रे जातात, म्हणजे नऊपट. गाठीवर न पडलेले हे किरण पाठीचा कणा, अन्ननलिका किंवा आतडे यांवर पडतील.

फ्रान्समधील तुलूझ शहराच्या एका रुग्णालयात एप्रिल २००६ ते एप्रिल २००७ या काळात असेच घडले. स्टिरिओटॅक्टिक उपचाराचे यंत्र नवे होते, उत्तम होते. पण ते सुरू करण्यापूर्वी बारीक झोतांचे मोजमाप ज्या उपकरणाने केले, ते त्या कामासाठी आकाराने मोठे होते. परिणामी मात्रेचा हिशेबच चुकला आणि १४५ रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण गेले. कापडाचा मीटरच खोटा असेल तर गिऱ्हाइकागणिक माप चुकणार, हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. म्हणून तर मीटरवर ठरावीक मुदतीने वजनमाप खात्याचा शिक्का लागतो.

यंत्र विकत घेता येते. कार्यक्रम मात्र उभारावा लागतो. त्याची पावले अशी आहेत : प्रथम जाड काँक्रीट भिंतींची खोली आणि १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानग्या. मग अनुभवी किरणोपचारतज्ज्ञ, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचे मोजमाप व नियोजन करणारा भौतिकशास्त्रज्ञ. श्वासासोबत गाठ कशी हलते हे टिपणारे सीटी स्कॅन. प्रत्यक्ष रुग्णाआधी मानवी शरीराच्या प्रतिकृतीवर संपूर्ण उपचाराची तालीम आणि त्या मात्रेची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी. यंत्राच्या मध्यबिंदूवर एक लहानशी गोळी ठेवून निरनिराळ्या कोनांतून चित्रे घ्यायची आणि फरक एक मिलिमीटरच्या आत असल्याची खात्री करायची. हे काम उपचाराच्या प्रत्येक दिवशी. आरंभ सोप्या रुग्णांपासून करायचा, आणि प्रत्येकाचे पुढे काय झाले याची वर्षानुवर्षे नोंद ठेवायची. यांतील एकाही गोष्टीवर नामफलक लावता येत नाही, आणि सारी अचूकता तर यांच्यावरच उभी आहे.

म्हणून विश्वस्तांपुढे माझी नम्र सूचना अशी. यंत्राच्या किमतीत आपली रक्कम टाकण्याऐवजी तिचा कायमनिधी करावा आणि मूळ रकमेस हात न लावता व्याजातून चार कामे करावीत. पहिले, विदर्भातील एका होतकरू फिजिसिस्टला किंवा तंत्रज्ञाला अशा कार्यक्रमाच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती. दुसरे, हा कार्यक्रम सुरू करणाऱ्या सेवाभावी रुग्णालयाला मोजमापाची उपकरणे आणि प्रतिकृती. तिसरे, नागपूरला किंवा बडनेऱ्याहून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्या रुग्णासाठी व त्याच्या सोबत्यासाठी, जात-धर्म न विचारता, निवास आणि शुद्ध भोजन. चौथे, आपल्या पंचक्रोशीत मुख-तपासणीची शिबिरे, कारण ज्या रोगाला हे नवे किरण पुरेसे नाहीत तो लवकर ओळखणे हाच त्यावरचा मोठा उपाय आहे.

रुग्णालयाला मदत देण्यापूर्वी आपण तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पूर्णवेळ फिजिसिस्ट आहे काय? मात्रेची बाहेरून तपासणी झाली काय? कोणत्या रुग्णाला हा उपचार द्यायचा नाही, हे सर्व तज्ज्ञ एकत्र बसून ठरवितात काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जेथे स्पष्ट मिळेल, तेथे आपले दान सत्पात्री पडेल.

बंधू-भगिनींनो, आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेने सांगितली. वरील चार कामांत ती चारही येतात. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला स्थान दिले आहे. बेसावधपणा हाच हिंसेचा उगम मानला. जो तंत्रज्ञ रोज सकाळी एका मिलिमीटरसाठी यंत्र पुन्हा तपासतो, तो कोणत्याही धर्माचा असो, यत्नाचारच पाळत असतो. त्याच्या सावधपणाचा खर्च उचलणे हे आपल्यासारख्यांना सहज जमणारे पुण्यकार्य आहे.

संकल्प लहान असला तरी चालेल, पण तो दरवर्षी पाळला जावा.  विश्वस्त मंडळाने या सूचनेचा अवश्य विचार करावा, अशी विनंती करून मी माझे मनोगत संपवितो.

जय जिनेंद्र!